साखर कारखाना नेमका कोणत्या रकान्यात बसतो? (अर्थव्यवस्थेच्या प्रकारांविषयी एक प्रश्न)

मृण्मयी_स :

माझ्या भाच्याला अकरावीच्या अर्थशास्त्रासाठी एक प्रकल्प करायचा आहे. पाठात भांडवलशाही, समाजवादी आणि मिश्र अर्थव्यवस्था असा तीन रकान्यांचा तक्ता आहे. मालकी कोणाची, किंमत कोण ठरवते आणि उत्पादनाचा हेतू काय, या तीन कसोट्यांवर आपल्या परिसरातील एक उद्योग घेऊन तो त्या तक्त्यात बसवून दाखवायचा, असा प्रकल्प आहे. त्याने आमच्या तालुक्यातील सहकारी साखर कारखाना निवडला, कारण त्याचे आजोबा तेथे चाळीस वर्षे सभासद आहेत.

पहिल्याच कसोटीवर गाडी अडली. मालक शेतकरी आहेत, म्हणजे मालकी खासगी म्हणावी, तर ज्याचे शंभर शेअर त्यालाही एकच मत आणि ज्याचा एक शेअर त्यालाही एकच मत. समाजवादी म्हणावे, तर ऊस प्रत्येकाच्या स्वतःच्या रानातला आणि बिलही ज्याचे त्याच्या खात्यावर. किंमतीचे तर विचारूच नका. उसाचा किमान दर दिल्लीहून येतो, साखरेचा किमान विक्री दरही तेथूनच येतो आणि कोणत्या महिन्यात किती साखर विकायची हेही केंद्रच सांगते, आणि तरीही साखर शेवटी व्यापाऱ्यालाच निविदा काढून विकली जाते.

भाच्याने कंटाळून ‘मिश्र’ असे लिहिले. त्यावर आजोबा म्हणाले, “सुटका करून घेण्यासाठी लिहू नकोस.” माझेही समाधान झालेले नाही. जाणकारांनी मदत करावी.

खडूफळा :

तीस वर्षे हाच तक्ता फळ्यावर काढला असल्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर येते. त्या तक्त्यात दोन वेगळे प्रश्न एकाच दोरीला बांधले आहेत. साधने कोणाच्या मालकीची आहेत, हा पहिला प्रश्न. काय, किती आणि कोणासाठी पिकवायचे याचा मेळ कशाने घातला जातो, बाजारातील किमतींनी की वरून आलेल्या आदेशाने, हा दुसरा. खासगी मालकी आणि बाजार यांची एक जोडी, सरकारी मालकी आणि नियोजन यांची दुसरी, असे आपण गृहीत धरतो. या जोड्या नेहमी आढळतात, पण त्या अटळ नाहीत.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटन पाहा. कारखाने बहुतांशी खासगीच राहिले, परंतु पोलाद कोणाला मिळेल आणि लोणी किती मिळेल हे सरकार ठरवत होते. उलट युगोस्लाव्हियाने १९५० साली कायदा करून कारखान्यांचा कारभार कामगार परिषदांकडे दिला. मालकी समाजाची, पण माल बाजारात आणि बऱ्याच अंशी एकमेकांशी स्पर्धा करून विकायचा. म्हणजे खाने तीन नसून निदान चार आहेत.

आणखी एक गोष्ट भाच्याला सांगावी. ‘मिश्र’ हे विशेषण देशाला लागते, एका कारखान्याला नाही. दूध मिश्र असू शकते. त्यातला एक थेंब घेऊन तो मिश्र आहे का, असे विचारण्यात अर्थ नाही.

पाटाचं_पाणी :

आमच्याकडे उत्तर सोपे आहे. हंगामात समाजवाद, साखरविक्रीत भांडवलशाही आणि वार्षिक सभेत राजेशाही.

प्रवराकाठ :

पाटाचं_पाणी यांच्या तिसऱ्या मुद्द्याला हात न लावता थोडा इतिहास सांगतो, कारण सहकार हा तिसरा मार्ग म्हणून जाणीवपूर्वक निवडलेला होता, हे नव्या पिढीला ठाऊक नसते.

१९३२ साली इंग्रज सरकारने साखरेच्या आयातीवर संरक्षक कर बसवला आणि त्या भिंतीच्या आडोशाने देशभर खासगी कारखाने उभे राहिले. नगर जिल्ह्यात कालव्याच्या पाण्यावर कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने जमिनी घेतल्या आणि हजारो एकरांचे मळे केले. शेतकरी आपल्याच गावात खंडकरी झाला. याच काळात माळीनगरला सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढला, पण तो कंपनी कायद्याखाली. म्हणजे मालक शेतकरी, चौकट भांडवली. हा दाखला लोक विसरतात.

नगर जिल्ह्यातील प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेअर गोळा केले होते. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि सहकार चळवळीतले नेते वैकुंठभाई मेहतांचे पाठबळ होते. गाडगीळांचा विचार असा होता की शेतकऱ्याला कच्च्या मालाचा भाव मागत उभे राहावे लागू नये. प्रक्रियेतला नफाच त्याच्याकडे यावा. हेच गाडगीळ १९६७ साली नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. सहकाराचा पुरस्कर्ता नियोजनाच्या शिखरावर जाऊन बसतो, यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नाही.

घामाचे_दाम :

प्रवराकाठ यांनी आरंभ सांगितला, पुढचे सांगितले नाही. मी ऐंशीच्या कांदा आंदोलनात रस्त्यावर बसलेला माणूस आहे आणि शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभा ऐकून माझे अर्थशास्त्र तयार झाले आहे, हे आधीच सांगतो.

तिसरा मार्ग वगैरे काही नाही. भागभांडवलाचा मोठा वाटा शासनाचा, कर्जाला थकहमी शासनाची, परवाना शासनाचा. झोनबंदी, म्हणजे आखून दिलेल्या क्षेत्रातल्या कारखान्यालाच ऊस घालण्याची सक्ती, होती तोवर माझा ऊस शेजारच्या कारखान्याने शंभर रुपये जास्त देऊ केले तरी मी देऊ शकत नव्हतो. शेअर माझ्या नावावर, सातबारा माझ्या नावावर, पण माल कोणाला विकायचा हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. त्या मालकीला मी मालकी म्हणत नाही. झोनबंदी उठली तेव्हा हवाई अंतराची अट उरली. देशात दोन कारखान्यांत पंधरा किलोमीटर पुरेसे, महाराष्ट्रात मात्र पंचवीस. नवा खरेदीदार जवळ येऊच नये, अशी ही तजवीज आहे.

भाच्याने ‘शासकीय मक्तेदारी, सहकाराचे नाव लावलेली’ असा चौथा रकाना काढावा.

हिशेबनीस :

घामाचे_दाम यांच्या थकहमीच्या मुद्द्याला एक शास्त्रीय नाव आहे. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी देशांतील कारखान्यांचा अभ्यास करताना दाखवले की तोटा झाला तरी सरकार आपल्याला बुडू देणार नाही, ही खात्री असली की व्यवस्थापक खर्चाचा विचार करेनासा होतो. अशा कारखान्याची खर्चाची मर्यादा, त्यांच्या शब्दांत, मऊ असते. मी काही वर्षे सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण केले आहे. डिस्टिलरीचा विस्तार करायचा की नाही, यावरच्या चर्चेत ‘हमी मिळेल’ हे वाक्य ‘परतफेड कशी होईल’ या वाक्याच्या आधी येत असे.

मात्र ही कसोटी लावायची तर सर्वांना लावावी. खासगी बँका आणि विमा कंपन्या अडचणीत आल्यावर २००८ साली अमेरिकेने काय केले, हे सर्वांना आठवत असेल. म्हणून तोटा शेवटी कोणाच्या अंगावर पडतो, ही चौथी कसोटी भाच्याच्या तक्त्यात असावी, असे सुचवतो.

दोआबातून :

नोकरीनिमित्त मी सहा वर्षे मेरठजवळ राहिलो. तेथील गंमत महाराष्ट्रातील वाचकांना माहीत असावी.

उत्तर प्रदेशात बहुसंख्य कारखाने खासगी आहेत, म्हणजे पाठाप्रमाणे भांडवलशाही. प्रत्यक्षात कोणत्या गावाचा ऊस कोणत्या कारखान्याला जायचा, हे तेथील गन्ना आयुक्तांचे कार्यालय राखीव क्षेत्रे आखून ठरवते. शेतकऱ्याला ऊस कधी न्यायचा याची ‘पर्ची’ मिळते आणि ती येईपर्यंत ऊस उभा. दर केंद्राच्या एफआरपीवर, म्हणजे उसाच्या किमान दरावर, न थांबता राज्य सरकार स्वतःचा वेगळा आणि चढा दर जाहीर करते. महाराष्ट्रात बऱ्याच कारखान्यांची मालकी सहकारी, पण शेतकरी आज दोन-तीन कारखान्यांचे दर पाहून ऊस देतो आणि पटले नाही तर पुढच्या वर्षी नोंद दुसरीकडे करतो. खडूफळा यांच्या चार खान्यांत ही दोन राज्ये अगदी तिरपी बसतील.

खडूफळा :

दोआबातून यांचे मनापासून आभार. मला युगोस्लाव्हियापर्यंत जावे लागले, ते उदाहरण मेरठला होते.

पांढरं_सोनं :

ऊस झाला, आता विदर्भाचे ऐका. १९७२ च्या सुमारास राज्याने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली आणि ती सुमारे तीस वर्षे चालली. जमीन माझ्या वडिलांची, बियाणे त्यांचे, कष्ट त्यांचे, पण पिकलेला कापूस खासगी व्यापाऱ्याला विकणे हा गुन्हा. खरेदीदार एकच, पणन महासंघ.

व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका हा हेतू होता आणि तो खोटा नव्हता. हमीभावावर अनेक घरे तरली, हे मी नाकारणार नाही. पण शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्री बैलगाड्या सीमेकडे निघत आणि भाव पडला की तिकडचा कापूस आमच्या केंद्रावर येऊन रांगेत उभा राही. वडील म्हणत, “सरकारने व्यापारी बंद केला, व्यापार नाही.” ग्रेडरने कापूस कोणत्या प्रतीत टाकला यावर वर्षाचा हिशेब ठरे, आणि त्याच्यावर अपील कोणाकडे करायचे हे कोणालाच ठाऊक नसे.

पाठातील तक्त्यात हे कुठे बसते? उत्पादन पूर्ण खासगी आणि विनिमय पूर्ण सरकारी. मालकीचा रकाना वाचून पाहणाऱ्याला येथे भांडवलशाही दिसेल.

मांडवीपार :

परंपरागत अर्थव्यवस्था हा प्रकार काही पुस्तकांत असतो, तो येथे कोणी घेतला नाही म्हणून गोव्याची भर घालतो.

आमच्याकडे पोर्तुगीज येण्याआधीपासून गावकारी होती. पुढे तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले आणि १५२६ साली पोर्तुगिजांनी तिचे रिवाज लिहून काढले. गावची जमीन कोणा एकाची नाही आणि राज्याचीही नाही, ती गावकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ कुळांच्या, संस्थेची. शेते ठरावीक मुदतीसाठी पावणी करून, म्हणजे लिलावाने, कसायला दिली जात. आलेल्या उत्पन्नातून आधी सारा, मग खाजन (खाडीकाठच्या) शेतीचे बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारे, यांची दुरुस्ती, देवळाचा खर्च, गावच्या सेवकांचे मेहनताने, आणि मग उरलेले गावकारांत ‘जोण’ म्हणून वाटले जाई.

यात लिलाव आहे, म्हणजे बाजार आहे. सामूहिक मालकी आहे. बांधासाठी सक्तीची तरतूद आहे, म्हणजे नियोजनही आहे. कारण एका शेताचा बांध फुटला की खारे पाणी सर्वांच्या शेतात शिरते. इतके सारे असूनही पुस्तक त्याला ‘परंपरागत’ म्हणून एका ओळीत संपवते. स्वातंत्र्यानंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, ते योग्यच होते, पण संस्थेचे उत्पन्न आटले आणि बांध कोणी बांधायचा हा प्रश्न अनाथ झाला.

अवांतर : जोण फक्त गावकार कुळांतील पुरुषांना मिळे. हा दोष लपवत नाही.

बलुतं_नको :

मांडवीपार यांनी अवांतर म्हणून टाकलेली ओळच मला मुख्य वाटते. आमच्याकडील बारा बलुतेदारीचेही असेच कौतुक होते : पैशाशिवाय चालणारी, परस्परावलंबी वगैरे. माझ्या पणजोबांना सुगीला खळ्यावर जाऊन आपले बलुते मागावे लागे आणि किती मिळेल ते देणाऱ्याच्या मनावर असे. काम नाकारण्याची मुभा नव्हती, दर ठरवण्याची तर नव्हतीच. ज्याला सोडून जाता येत नाही त्याच्या दृष्टीने ती व्यवस्था बाजाराची की परंपरेची, हा फरक दुय्यम आहे. मुंबईच्या गिरणीत आठवड्याला पगार मोजून घेताना आजोबांना भांडवलशाही हीच सुटका वाटली होती.

मानहाइमकर :

मी नऊ वर्षे जर्मनीत आहे आणि योगायोगाने माझ्या गावात साखरेच्या मोठ्या कंपनीचे मुख्यालय आहे. झ्यूडत्सुकर ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. पण तिचे निम्म्याहून अधिक शेअर बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे आहेत. शिवाय १९७६ च्या कायद्यानुसार दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना द्याव्या लागतात. मते समसमान पडली तर निर्णायक मत अध्यक्षाचे, आणि तो प्रायः भागधारकांच्या बाजूचा असतो. यावर २०१७ पर्यंत युरोपीय संघाचा साखरेचा कोटा होता. हे सगळे स्वतःला सामाजिक बाजार अर्थव्यवस्था म्हणवणाऱ्या देशात.

आणखी एक धागा जुळतो. भारतातील १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा ज्या नमुन्यांवर बेतला त्यांतील एक प्रमुख नमुना जर्मनीतील राइफायझन यांच्या ग्रामीण पतसंस्थांचा होता. म्हणजे भाच्याच्या आजोबांचा कारखाना आणि माझ्या खिडकीतून दिसणारी ही इमारत यांचे दूरचे नाते आहे. फरक मला एवढाच दिसतो की येथे कंपनीत सहकारी संस्था भागधारक म्हणून येते आणि कामगार मंडळावर बसतो. आपल्याकडे संचालक मंडळावर ऊस उत्पादकांचेच वर्चस्व.

पाटाचं_पाणी :

येथेही मुख्यालय खिडकीतून दिसते. संचालक मात्र निवडणुकीपुरते दिसतात.

कोयता_नंबर_७ :

बराच वेळ वाचत होतो. लिहावे की नाही, ठरत नव्हते.

माझे आईवडील बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. म्हणजे हिशेबात माणसे दोन आणि नग एक. टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, ती सहा महिने ऊस तोडून फेडायची, आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. मजुरी टनावर. आजारी पडून खाडा झाला तर त्या दिवसाचे पैसे कापले जात. करार मुकादमाशी, मुकादमाचा करार वाहतूकदाराशी किंवा कारखान्याशी. कारखाना विचारला तर म्हणणार, हे आमचे कामगार नाहीत.

वर झालेल्या चर्चेत शेतकरी, संचालक, सरकार, व्यापारी असे सगळे आले. कारखान्याला घातलेल्या उसाला एफआरपी आहे, चौदा दिवसांत पैसे न दिल्यास व्याजाची तरतूद आहे. माझ्या आईने तोडलेल्या त्याच उसाच्या तोडणीला ते कायद्याचे कवच नव्हते. जो दर वाढला तो संप करून वाढला. आमची टोळी खासगी कारखान्यावरही गेली आणि सहकारी कारखान्यावरही. कोपी, म्हणजे राहायची झोपडी, तशीच, उचल तशीच, पाण्याचा टँकर तसाच. आम्हाला अर्थव्यवस्था बदललेली जाणवली नाही.

घामाचे_दाम :

कोयता_नंबर_७ यांच्या प्रतिसादावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. फक्त एवढे नोंदवतो की उचल ही कर्जाने बांधलेली मजुरी आहे आणि खुल्या बाजाराचा कोणताही प्रामाणिक समर्थक तिला खुला बाजार म्हणणार नाही. झोनबंदीत माझा ऊस अडकला होता, येथे माणूस अडकतो. ही तुलना मी याआधी केली नव्हती, करायला हवी होती.

हिशेबनीस :

हिशेबाच्या बाजूने पाहता तोडणी व वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून वजा होतो. २०२५-२६ साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये हा जाहीर दर आहे, शेतकऱ्याच्या हाती पडते ती ही कपात झाल्यानंतरची रक्कम. त्यामुळे तोडणीचा दर वाढवा म्हटले की सभासद विरोध करतो, नफेखोर मालक नव्हे. सहकारात शोषक शोधायला गेले की कधी कधी आपलाच शेजारी सापडतो.

खडूफळा :

स्पेनच्या बास्क प्रांतातील मोंद्रागोनचे उदाहरण मी वर्गात नेहमी कौतुकाने देत असे. १९५६ पासून कामगारच मालक असलेल्या कारखान्यांचा समूह तेथे वाढला. पण त्यांनी परदेशांत उपकंपन्या काढल्या तेव्हा तेथील कामगारांना बहुतांशी सभासदत्व मिळाले नाही, ते साधे पगारदारच राहिले. घरगुती उपकरणे बनवणारी त्यांची फागोर ही मोठी शाखा २०१३ साली दिवाळखोरीत गेली, तेव्हा बास्क सभासदांपैकी अनेकांना समूहातील इतर कारखान्यांत सामावून घेण्यात आले. बाहेरच्यांना तो दिलासा नव्हता.

गोव्यात गावकार आणि इतर, येथे सभासद आणि टोळी, तेथे बास्क आणि परके. मी निवृत्त होईपर्यंत विद्यार्थ्यांना ‘मालक कोण’ एवढेच विचारायला शिकवले. ‘सभासद कोणाला होता येत नाही’ हे विचारायला शिकवले नाही, याची आज थोडी टोचणी लागली.

प्रवराकाठ :

खडूफळा सर, मान्य. तरीही एक गोष्ट नोंदवू द्या : कारखान्यांनी शाळा, महाविद्यालये, दवाखाने, उपसा सिंचन योजना काढल्या, आणि त्यांचा लाभ सभासद नसलेल्यांनाही झाला. माझे शिक्षण तशाच संस्थेत झाले. वडील कारखान्यात हमाल होते, सभासद नव्हते.

मृण्मयी_स :

सर्वांचे आभार. धागा भाच्याने स्वतः वाचला, आजोबांना मोठ्याने वाचूनही दाखवला. कोयता_नंबर_७ यांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला.

तीन रकाने त्याने खोडले आहेत. आता डाव्या बाजूला प्रश्न आहेत : मत कोणाला, दर कोण ठरवते, माल दुसरीकडे नेता येतो का, तोटा कोण भरतो, सभासद कोण होऊ शकत नाही. वर ऊस, साखर आणि इथेनॉल असे रकाने आहेत, कारण इथेनॉलची खरेदी मुख्यतः तेल कंपन्या करतात आणि तिचा दर केंद्र ठरवते, त्यामुळे एकाच कारखान्यातून निघणाऱ्या मालांचीही उत्तरे निरनिराळी येतात. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आला होता, ते आजोबांनी त्याला आठवून सांगितले. ‘मिश्र’ हा शब्द कुठेही नाही. आजोबा झोनबंदीच्या ओळीवर घामाचे_दाम यांच्या बाजूचे निघाले, थकहमीच्या ओळीवर मात्र गप्प बसले.

आता त्याने चौथा रकाना ‘तोडणी’ असा आखला आहे आणि तो रिकामा आहे. ऐकीव माहितीवर भरणार नाही, टोळ्यांशी बोलूनच भरेन, असे म्हणतो. प्रकल्प दिवाळीच्या सुट्टीपूर्वी द्यायचा आहे आणि टोळ्या येतात दिवाळीनंतर. शिक्षकांकडे मुदतवाढ मागणारे पत्र सध्या लिहिले जात आहे.

पाटाचं_पाणी :

मुदतवाढ मागतो आहे ना? मग मुलगा सहकाराच्याच रकान्यात बसतो.